गवसणी

परदेशी असलेल्या मुलाकडे निघालेल्या आईबापांच्या बॅगेत काय काय असते, ते विमानतळावरच्या तपासनिसांनाच विचारावे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, बेसनाचे लाडू आणि ‘तिकडे मिळत नाही’ या एकाच सबबीवर नेलेले तेलाचे नरसाळे. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही उभयता ब्रिस्टलला चिरंजीवांकडे गेलो, तेव्हा आमच्या बॅगेतही हा सारा जामानिमा होता. पुढे त्या नरसाळ्याच्या नशिबी काय वाढून ठेवले आहे, याची मात्र आम्हांला कल्पना नव्हती.

एका संध्याकाळी चिरंजीवांनी दिवाणखान्याच्या मधोमध एक खोका आणून ठेवला. बिअरचे चोवीस डबे! आणि स्वयंपाकघरात पाहतो तो सूनबाई आमच्याच नरसाळ्याने काचेच्या बाटलीतली वाइन प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतीत उभ्या!

“बाबा, ही आपली शिदोरी,” चिरंजीव म्हणाले.

सौभाग्यवतींनी नरसाळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नातीला घेऊन त्या बागेत निघून गेल्या.

मी जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही, असे आजवर मी लोकांना सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. प्यालो नाही हे खरे. स्पर्श मात्र केलेला आहे, आणि तोही वयाच्या दहाव्या वर्षी. पण ते मागाहून सांगतो.

प्रकरण असे होते. सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे गाव आहे. तेथे वर्दी फार्म या दुभत्या जनावरांच्या मळ्यावर ग्लास्टनबरीचा संगीत-उत्सव भरतो. जूनच्या अखेरीस बुधवारी फाटक उघडते, ते सोमवारी सारे घरी जाईपर्यंत माणसे तंबू ठोकून राहतात. तिकिटावर ज्याचा त्याचा फोटो असतो. एकाचे तिकीट दुसऱ्याला चालत नाही. चिरंजीवांनी मला न विचारताच माझा फोटो धाडून नोव्हेंबरमध्ये तिकीट काढून ठेवले होते. किंमत पौंड ३७३.५०! एवढे ऐकल्यावर ‘मी येत नाही’ म्हणण्याची ताकद कोणत्या मराठी बापात असेल?

या उत्सवाची जन्मकथा मोठी गोड आहे. मायकेल ईव्हिस या शेतकऱ्याचे वडील १९५४ साली वारले, आणि एकोणिसाव्या वर्षी गाईगोठ्यांचा भार त्याच्यावर पडला. १९७० च्या सप्टेंबरात त्याने आपल्या मळ्यावर पहिला जलसा केला. तिकीट एक पौंड, आणि मळ्यावरचे दूध फुकट! जमले सुमारे दीड हजार लोक. आज तेथे दोन लाख माणसे लोटतात. ईव्हिस मेथॉडिस्ट पंथाचा. त्या पंथात मद्यवर्जनाची परंपरा जुनी. आणि अशा माणसाच्या मळ्यावरचा नियम असा, की येताना आपली दारू आपण खुशाल बरोबर आणावी. इतर पुष्कळ उत्सवांत ती तंबूपुरतीच चालते. येथे थेट रंगमंचासमोर नेली तरी कोणी हटकत नाही. एकच अट. काच आणायची नाही. काच माणसाच्या पायात जाते. शिवाय उत्सव संपला की त्याच गवतावर गाई चरायच्या असतात.

म्हणून ते नरसाळे!

मोटारी ठेवण्याच्या माळापासून तंबूची जागा मैलभर तरी दूर होती. ऊन चांगलेच तापले होते. वाटेवर माणसांची रांग लागलेली, आणि प्रत्येकाजवळ काही ना काही वाहन. कोणाची चार चाकांची हातगाडी, कोणाची बागेतली एकचाकी. पंढरीच्या वाटेवर पडशी असते तसे ज्याचे त्याचे ओझे. आमच्या खोक्याचे वजन दहा-अकरा किलो भरत होते. त्यात तंबू, पथाऱ्या, पाणी. दर शंभर पावलांवर चिरंजीव थांबत, घाम पुशीत आणि खोक्याकडे असे पाहत, की त्यातले निम्मे डबे घरी ठेवले असते तर बरे झाले असते. हे अवजड शहाणपण मला मनापासून आवडले. उत्सवात बिअरचा पेला सहा-सात पौंडांना पडतो. घरून आणावी तर पाठ मोडते. पिणाऱ्याला आपले माप आधी खांद्याने मोजावे लागते.

अखेर फाटक आले. पिवळे जाकीट घातलेल्या एका तरुण पोरीने माझ्या पाठपिशवीकडे बोट केले. “आत काय आहे?”

वास्तविक आत होते काय? थर्मास, कानटोपी, चिवडा आणि लाडवांचा डबा. पण तो प्रश्न ऐकला मात्र, माझ्या तळहातांना घाम फुटला. जीभ टाळ्याला चिकटली. शहात्तर वर्षांचा मी हां हां म्हणता दहा वर्षांचा झालो, आणि सॉमरसेटच्या मळ्यावरून थेट सांगलीच्या टांग्यात जाऊन बसलो.

माझे धाकटे काका, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, तबला फार सुरेख वाजवीत. मीही त्यांच्याकडेच बसत असे. साल १९५९. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी झालेली होती. पैसेवाले डॉक्टरच्या चिठ्ठीवर परमिट काढीत. बाकीच्यांना हातभट्टी होती. अण्णा बैठकीला निघाले, की डग्ग्याची गवसणी माझ्या मांडीवर असे. गवसणीला आतून एक खिसा होता. त्यात तबला सुरात लावायची हातोडी असायची, पावडरीचा डबा असायचा, आणि पंचात गुंडाळलेली एक चपटी बाटली असायची. पोराच्या मांडीवरचे सामान कोण तपासणार?

एका रात्री मात्र पुलाजवळ शिपायाने टांगा थांबवला. “काय आहे रे त्यात?”

“तबला,” मी म्हणालो.

शिपायाने गवसणीवर टपली मारली. आत हातोडी बाटलीवर आपटली. किण्ण! तो आवाज मला आजही कोणत्याही क्षणी ऐकू येतो. शिपाई माझ्याकडे पाहत राहिला. मग अण्णांकडे वळून म्हणाला, “सुरात दिसतोय तबला. जावा.” टांगा हलला. अण्णा मोठ्याने हसले आणि त्यांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप दिली. त्या रात्री त्यांनी असा काही लग्गीचा पाऊस पाडला, की श्रोते उठून उभे राहिले. मला मात्र त्यातला एकही बोल ऐकू आला नाही.

१९६२ साली अण्णा गेले. एक्केचाळिसाव्या वर्षी. आमच्या घरात त्याला ‘कावीळ’ म्हणतात. त्यापूर्वी ‘अण्णांना बरं नाही’ असे म्हणत. खरा शब्द कधी कोणी उच्चारला नाही; आजीने नाही, वडिलांनी नाही, मीही नाही. मी तबला सोडला. शाळेचा अभ्यास आहे, असे कारण सांगितले. कारणे सांगण्यात आमचे घर तोवर तरबेज झाले होते.

“काच आहे का आत, आजोबा?” पोरीने पुन्हा विचारले. मी लाडवांचा डबा उघडून दाखवला. तिने वाकून वास घेतला आणि विचारले, “हे काय?” मी एक लाडू तिच्या हातावर ठेवला. चिरंजीवांनी आपण होऊन खोका उघडला होता. तिने त्यात एकदा डोकावून पाहिले आणि म्हणाली, “मजा करा!”

एवढेच! पासष्ट वर्षे जो क्षण माझ्या छातीवर बसला होता, तो दुसऱ्या देशात एका मिनिटात आटोपला.

तेथे सारे सोवळेच होते, असे मात्र नाही. शुक्रवारी रात्री एक पोरगा आमच्या तंबूच्या दोरीला अडखळून पडला आणि तेथेच ओकला. त्याच्या मैत्रिणीने माझ्याकडे पाणी मागितले आणि त्याला उठवून दवाखान्याच्या तंबूकडे नेले. उघडी दारू चढत नाही, असे थोडेच आहे? पण त्याच्याभोवती कोणी पडदा धरला नाही, एवढे मी पाहिले.

शेजारच्या तंबूत साठीचा एक निवृत्त ट्रकवाला उतरला होता. मी त्याला चिवडा दिला. त्याने मला पेल्यातून काहीतरी पिवळसर देऊ केले. मी हात जोडले, तसा तो हसला. “अहो, लिंबाचं सरबत आहे. मी पीत नाही. पंधरा वर्षं झाली.”

“धर्माने?” मी विचारले.

“छे! एकानं माझं भागत नाही. म्हणून एकही नको.”

त्याने हे अशा आवाजात सांगितले, की आपल्याकडे माणूस ‘मला वांगं चालत नाही’ म्हणून सांगतो. आजूबाजूला त्याची चारपाच मित्रमंडळी आपापले डबे उघडून बसली होती. त्यांतला कोणी चपापला नाही, की कोणी त्याला आग्रह केला नाही. एकाने फक्त त्याच्या सरबताची बाटली उचलून सावलीत ठेवली.

मी तंबूत जाऊन उगीचच पथारी झटकीत बसलो. ‘एकानं माझं भागत नाही.’ हे वाक्य अण्णांना कोणाजवळ म्हणता आले असते? शिपायाजवळ? आजीजवळ? की दहा वर्षांच्या माझ्याजवळ? जी बाटली नाहीच असे साऱ्या घराने ठरवले होते, ती सुटत नाही हे सांगायचे तरी कसे? लपवलेल्या बाटलीला माप नसते. कारण मोजायला ती बाहेर काढावी लागते.

शनिवारी रात्री पिरॅमिड रंगमंचावर नील यंग गायला. वय वर्षे ७९. सुरुवातीला एकटाच, गिटार घेऊन. आवाज कापरा, पण सच्चा. आम्ही मागे गवतावर घडीच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. माझ्या हाती थर्मासमधला चहा, चिरंजीवांच्या हाती त्यांचा डबा. सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर बसावे तसेच वाटत होते. माझी बोटे खुर्चीच्या दांडीवर ठेका धरीत होती. ते चिरंजीवांनी पाहिले.

“बाबा, तुम्ही तबला वाजवत होता?”

“थोडाफार. अण्णांकडे.”

“ते काविळीनं गेले ना?”

समोर हजारो माणसे होती आणि आम्ही दोघेच होतो. मी थर्मासचे झाकण लावले आणि म्हणालो, “नाही. दारूनं गेले. आणि ती बाटली बैठकीला मी नेत होतो.”

मग मी त्यांना सारे सांगितले. टांगा, शिपाई, ती किणकिण. चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. हातातला डबा त्यांनी खाली गवतात ठेवला. मला वाटले, आपण पोराच्या आनंदावर विरजण घातले. म्हणून म्हणालो, “घे रे, पी. त्यासाठी नाही सांगितलं.”

“ते कळलं बाबा,” ते म्हणाले. “पण तुम्ही दहा वर्षांचे होता.”

एवढेच म्हणाले. हे वाक्य मला आजवर कोणी म्हटले नव्हते. मीही स्वतःला म्हटले नव्हते.

सोमवारी सकाळी आवराआवर झाली. चोवीसांपैकी नऊ डबे भरलेलेच उरले होते. तंबूची एकही मेख मागे ठेवायची नाही. गाईच्या पोटात जाते. मेखा मोजून घेतल्या. रिकाम्या डब्यांची पिशवी राहिली होती. ती मी उचलली.

“बाबा, राहू द्या, मी घेतो.”

“असू दे रे. सवय आहे.”

चिरंजीव हसले. मीही हसलो. वाटभर डबे एकमेकांवर आपटत होते, चांगला ताशा वाजत होता म्हणा ना! पण पिशवीचे तोंड उघडे होते. येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही आत काय आहे ते दिसत होते.

२०२६ साली तेथे उत्सव नाही. अधूनमधून एखादे वर्ष मळ्याला विश्रांती देतात, म्हणजे गवत पुन्हा धरते. जमिनीलाही पड लागते. माणसाला जरा जास्त लागते, इतकेच.

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरून अण्णांची जोडी खाली काढली. गवसणीचा कपडा हात लावताच फाटला. खिशात फक्त हातोडी होती, गंजलेली. पुड्या गेलेल्याच होत्या. त्या बदलायला मिरजेला दिल्या आहेत. सौभाग्यवती नवी गवसणी शिवायला बसल्या आहेत. सकाळी त्यांनी चष्म्यावरून विचारले, “आतून खिसा ठेवायचा का?”

मी क्षणभर थांबलो.

“ठेव,” मी म्हणालो. “हातोडी लागतेच.”