काळ्या दगडाच्या मधल्या फटी

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात जुन्या घरांचे पाये पाहा: काळा दगड, नाहीतर जांभा. यात जीवाश्म सापडतील का, असं मुलं विचारतात. काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हा. हजार अंशांच्या वर तापलेल्या त्या रसात हाड टिकत नाही, पान तर नाहीच. जांभा याच दगडाची झीज होऊन झालेला. त्यातली भोकं मऊ माती धुऊन गेल्याने पडतात.

*

दगड फोडल्यावर कधी आत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. कुणीतरी जपून घरी आणतं. भिंगाखाली धरावी. नेच्याच्या पानाला मधली शीर असते आणि तिच्यापासून ठरावीक अंतराने पाती फुटतात. नक्षीला शीर नसते, नुसते फाट्यांना फाटे. बारीक भेगेत झिरपलेल्या पाण्याने मँगनीज मागे ठेवलं, एवढंच. तरी मुलाने आणलेला असा दगड फेकून देऊ नये. त्याच्या हाती भिंग द्यावं.

*

आंबा घाटासारख्या सह्याद्रीतल्या घाटवाटांवर कापलेल्या दरडीत काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि त्याने ती भाजून काढली. शोधायचं ते या मधल्या शांत काळात. जिथे पाणी साचून तळी झाली, तिथे गाळात जीव राहिले. मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या अशाच गाळात इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस पुसिलस म्हणतात. वर आग, खाली आग, आणि मधे पावसाळ्यात ओरडणारे बेडूक. महाराष्ट्राच्या दगडाची याहून चांगली ओळख मला माहीत नाही.

*

घाट उतरून रत्नागिरीकडे गेलं की जांभ्याच्या खाली, विहिरी खणताना, काही ठिकाणी काळी चिकण माती आणि लिग्नाइट लागतं. त्यात लाकडाचे, पानांचे अवशेष असतात. हे लाव्ह्याच्या बरंच नंतरचं रान.

*

आता आपल्या शाहूवाडीच्या भाताकडे येऊ. भांगलायला उतरलेल्या बाईचे हात पातीच्या कडेने ओरखडतात. पातीत सिलिका असते. झाड ती जमिनीतल्या पाण्यातून घेतं आणि पेशींत बारीक कणांच्या रूपात साठवतं. पान कुजलं तरी कण उरतात, आणि कणाच्या आकारावरून वनस्पतीचं कूळ ओळखता येतं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा मिळते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात ताड, शंकुवर्गी झाडं यांच्या कणांबरोबर गवताचेही कण होते. तोवर गवत डायनोसॉर संपल्यावरच पसरलं असा समज होता. पुढे 2011 मध्ये अशाच कणांवरून भाताच्या कुळाचाही माग डायनोसॉरच्या काळापर्यंत लागला. म्हणजे आपल्या वाफ्यातल्या पिकाचे दूरचे नातलग त्या जनावरांच्या पोटात गेलेले. हाडं मोठी म्हणून संग्रहालयात जातात. हा सगळा इतिहास शेणाने सांगितला.

*

हाडं आणि झाडांची खोडं पाहायची असतील तर गडचिरोलीत शिरोंच्याजवळ वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. मलकापूरहून राज्याचं दुसरं टोक, पण एकदा मुलांना न्यावं.

*

कुठे काही सापडलंच तर उकरू नये. शेजारी नाणं ठेवून फोटो काढावा, कुठल्या थरात होतं ते लिहावं आणि भूशास्त्र शिकवणाऱ्यांना किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावं. थर सुटला की वयाचा पुरावा सुटतो. मग कपाटात ठेवलेल्या त्या दगडाला कुणीही काहीही म्हणू शकतं.