फोन आपला, पण भोगवटादार वर्ग-२

आज खोडकिडा नाही, तुडतुडाही नाही. आज फोनावर लिहून राहिलो. धान चुरणं आटोपल्यापासून गावातल्या चार-पाच जणांनी एकच विचारलं, "भाऊ, आमचा फोन रूट करून देता काय?" माझा जुना फोन मी रूट केला ही बातमी पसरली ना! प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

पहिले, रूट म्हणजे काय ते. पुतण्यानं सांगितलं तेव्हा अर्धं डोक्यावरून गेलं. मग सातबारा आठवला आणि समजलं. ७/१२ वर भोगवटादार वर्ग-१ असते आणि वर्ग-२ असते. वर्ग-२ ची जमीन तुमच्या नावानं, वाहता तुम्ही, पीकही तुमचं. पण विकतो म्हटलं तर सरकारची परवानगी लागते. फोनचं तसंच आहे. पैसे आपण मोजले, बिल आपल्या नावाचं. पण कंपनीनं आत भरून दिलेलं एखादं ॲप काढतो म्हटलं, तर फोन नाही म्हणतो.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. त्यात सगळे अधिकार असलेल्या खातेदाराचं नाव 'रूट'. ते खातं कंपनी आपल्या हाती देत नाही. फोन रूट करणं म्हणजे त्या खात्याची किल्ली घेणं, वर्ग-२ चं वर्ग-१ करणं. फरक एवढाच की जमिनीला नजराणा भरला की आदेश हातात मिळतो. इथं आदेश नाही. जे होईल ते आपल्या जबाबदारीवर.

माझा जुना फोन घरी पडून होता. त्यात सिम नाही, अपडेट येणं बंद झालेलं, आणि अर्धी जागा कंपनीच्याच ॲपनं खाल्लेली. बांधीतल्या धानाचे, किडीचे फोटो काढायला तो वापरावा असं मनात होतं. पुतण्या सुटीत आला आणि दोघं बसलो. शिकलो ते क्रमानं सांगतो.

१) मॉडेल नंबर. एकाच नावाचे फोन दोन-तीन प्रकारचे असतात. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत नेमका नंबर दिसतो, तो कागदावर लिहा. एका मॉडेलची फाईल दुसऱ्यात टाकणं म्हणजे तुरीचं तणनाशक धानावर मारणं.

२) बूटलोडर. फोन सुरू करताना हा पहिले जागा होतो आणि आतली सिस्टिम कंपनीचीच आहे काय ते पाहतो. त्याला कुलूप असते. काही कंपन्या ते उघडू देतात, काही अर्ज करून थांबायला लावतात, काही देतच नाहीत. देत नसेल तर तिथंच थांबा, झटापट करू नका.

३) कुलूप उघडलं की फोन सारा पुसला जातो. हे मुद्दाम ठेवलं आहे. चोरानं तुमच्या फोनाचं कुलूप उघडलं, तर तुमचे फोटो-कागद त्याला मिळू नये म्हणून. म्हणून पहिले सगळं दुसरीकडं उतरवून घ्या, मगच हात लावा.

४) मॅजिस्क. हे ॲप २०१६ पासून आहे, फुकट आहे. फोनात जी आवृत्ती चालू आहे, नेमकी त्याच आवृत्तीची बूट फाईल घ्यायची. मॅजिस्क तिच्यात बदल करून देतो. मग कॉम्प्युटरला केबल जोडून ती फाईल फोनात टाकायची. चुकीची गेली तर फोन कंपनीच्या चिन्हावरच अटकून राहतो. म्हणून मूळ फाईल जवळ ठेवायची, जशी घरची बिजाई राखून ठेवतो तशी.

"एका टिचकीत रूट" म्हणणारी ॲपं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. घराच्या साऱ्या किल्ल्या अनोळखी माणसाला देणं आहे ते.

आमचा फोन झाला. नको ती ॲपं काढली, जागा मोकळी झाली, आता तो धुऱ्यावर फोटो काढायच्या कामी येतो. इथवर सगळं गोड आहे. आता कडू सांगतो.

रूट केलेल्या फोनावर बँकेची आणि पैसे पाठवायची बरीच ॲपं चालतच नाहीत. त्यांना फोनाचं कुलूप उघडलेलं आहे हे कळतं आणि ती दार लावून घेतात. यात बँकेची चूक नाही. ज्या फोनात सगळे अधिकार मोकळे, त्यात एखादं लबाड ॲप घुसलं तर तुमचा पिन आणि ओटीपी दोन्ही वाचेल. सॅमसंगच्या फोनात तर नॉक्स नावाची खूण एकदा बदलली की ती परत पहिल्यासारखी होत नाही.

आमच्या मोहल्ल्यातले एक मामाजी आले होते. त्यांच्याजवळ एकच फोन. आधारभूत केंद्रावर धान दिलेलं, चुकाऱ्याची वाट. फोन म्हणे जागा नाही, बँकेचं ॲप उघडेना. "बापू, तुझ्यासारखा करून दे ना माझाही." मी म्हटलं, "मामाजी, तुमचा फोन रूट केला तर जागा होईल, पण ज्या ॲपसाठी जागा पाहिजे तेच चालणार नाही." ते थोडे नाराज झाले. मग आम्ही दुसरंच केलं. व्हॉट्सॲपवर आलेले सुप्रभातचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ काढले. कंपनीची न लागणारी ॲपं सेटिंगमधूनच बंद केली, त्याला रूट लागत नाही. अर्ध्या तासात जागा झाली आणि बँकेचं ॲप उघडलं. चुकारा काही आला नव्हता, पण ते फोनाच्या हातचं नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी फोनावर आली. पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, धान नोंदणीचा मेसेज, सगळं फोनात. पहिले फोन बिघडला तर बोलणं बंद व्हायचं, आता हंगाम अडतो. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर केंद्रावर धान द्यायला अडचण.

म्हणून माझा हिशेब असा. घरी दोन फोन असतील, एक जुना, बिनसिमचा, बिनपैशाचा असेल, तर त्यावर जरूर शिका. वय आड येत नाही, इंग्रजीही फारशी आड येत नाही, फक्त घाई करायची नाही. ज्याच्या घरी एकच फोन आहे, त्यानं कंपनीचं कुलूप तसंच राहू द्यावं. वर्ग-२ च्या जमिनीवरही धान चांगलंच पिकते.

उन्हाळी धानाचे परे टाकले असतील तर रात्रीच्या थंडीत बांधीत पाणी ठेवा, सकाळी बदला. फोनाचं काही अडलं तर मला विचारा, पण येताना मॉडेल नंबर लिहून आणा.