जखमी घरी येतो तेव्हा

छातीत सुरा लागलेल्या माणसाला रुग्णालयाने त्याच दिवशी घरी पाठवले, हे ऐकले की आपल्या मनात हलगर्जीपणाची शंका येते. छाती म्हणजे प्राणाचे स्थान. तिथल्या जखमेला खाट आणि परिचारिकेचा पहारा हवाच, असे आपण धरून चालतो. लग्नघरचे भांडण सोडवताना आमच्या धाकट्या भावाला वार लागला आणि रात्री त्याला घरी नेण्यास सांगण्यात आले, तेव्हा आम्हा सर्वांच्या पोटात गोळाच आला.

परंतु या निर्णयामागे शास्त्र आहे. प्रत्येक वार फुफ्फुसापर्यंत पोहोचत नाही. पोहोचला तर छातीच्या पोकळीत हवा वा रक्त साठून फुफ्फुस दबते, आणि कधीकधी ते काही तासांनंतर उघडकीस येते. म्हणून ज्याचा श्वास, नाडी व रक्तदाब ठीक आहे, त्याचा एक्स-रे काढून काही तास त्याला नजरेखाली ठेवतात व पुन्हा एक्स-रे काढतात. दोन्ही निर्दोष असतील, तरच घरची वाट. वार हृदयाजवळ असेल तर सोनोग्राफीने हृदयाभोवती रक्त नाही ना, हे पाहतात. छातीच्या खालच्या भागातील वार पोटातही शिरलेला असू शकतो. तिथे घाई करीत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या सरकारी रुग्णालयांत असे जखमी फार येतात. खऱ्या गरजवंताला खाट मिळावी, म्हणून तिथे ही पद्धत अनुभवाने पक्की झाली.

मात्र जखमी घरी येतो, तेव्हा वॉर्डही घरी येतो. आमच्या हाती पडलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता, आणि रात्री जागणार होती आमची आई! शेजारच्या एका निवृत्त परिचारिकेने तो मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. धाप लागली, ताप चढला, खोकल्यातून रक्त आले, घेरी आली किंवा छातीतले दुखणे वाढले, तर सकाळची वाट न पाहता परत आणावे. वेदनाशामक गोळी चुकवू नये. दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. जखमेवर उशी दाबून खोकावे, तासातासाने दीर्घ श्वास घ्यावेत, विडी-सिगारेट वर्ज्य करावी. ठरल्या दिवशी तपासणीस जावे, मग कितीही बरे वाटो.

भाऊ बरा झाला. आईने तो कागद देवघरातल्या प्रार्थनापुस्तकात जपून ठेवला आहे. रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. पण जागणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत सांगितल्यावाचून उपचार पुरा झाला, असे कोणत्याही रुग्णालयाने मानू नये.