मोसंबीचा पापुद्रा आणि पोटातील भागीदार

बियाणे आणि पोलाद यांच्या बरोबरीने जालना जिल्ह्याचे नाव परगावी पोहोचवले ते मोसंबीने. ‘जालना मोसंबी’ला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. २०१२-१३च्या दुष्काळात येथील अनेक बागा वाळून गेल्या. टँकरच्या पाण्यावर ज्यांनी झाडे जगवली, त्यांना एकेका फळाचे मोल ठाऊक आहे. घरोघरी मात्र त्याच फळाचा एक भाग रोज नकळत टाकला जातो.

मोंढ्यात पेढी असलेल्या एका कुटुंबात सत्तरी ओलांडलेले दादाजी तापातून उठले होते. पचायला हलका म्हणून सूनबाई त्यांना मोसंबीचा गाळलेला रस देत. सासूबाईंनी एके दिवशी विचारले, “सूनबाई, गाळणीत उरते ते वायाच घालवायचे का?” प्रश्न काटकसरीचा होता, त्याचे उत्तर आरोग्याकडे नेते.

मोसंबीत हेस्पेरिडिन नावाचे फ्लेव्होनॉइड असते. सालीखालच्या पांढऱ्या थरात आणि फोडीवरच्या पापुद्र्यात ते विपुल असते. त्याच्या रेणूला दोन शर्करांची जोडी चिकटलेली असते. ती जोडी तोडणारे पाचकद्रव्य मानवी शरीराजवळ नाही. त्यामुळे लहान आतड्यातून हेस्पेरिडिन बहुतांशी तसेच पुढे सरकते. मोठ्या आतड्यातील जिवाणू ही शर्करा सोडवतात, तेव्हा उरलेला हेस्पेरेटिन हा घटक रक्तात शिरू शकतो. जे शिल्लक राहते, त्याची कडी फोडून जिवाणू त्यापासून लहान आम्ले तयार करतात. म्हणूनच रस प्याल्यावर हेस्पेरेटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे ५ ते ७ तासांनी शिखर गाठते. चौविहार पाळणाऱ्याने दुपारी खाल्लेल्या मोसंबीचा हा व्यवहार सूर्यास्तानंतरही चालू असतो.

मानवी शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू वसतात, त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात. प्रत्येकाची वसाहत वेगळी असते. सोयाबीनमधील डेडझीनपासून इक्वॉल बनवणारे जिवाणू काहींच्या आतड्यात असतात, काहींच्या नसतात. एकाच पंगतीत, एकच अन्न जेवलेल्या दोघांच्या पदरी म्हणूनच सारखा लाभ पडत नाही.

प्रतिजैविक औषधांनी ही वसाहत काही काळ विरळ होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले औषध पूर्ण घ्यावेच. मात्र पचनशक्ती पूर्ववत होताच डाळी, भरड धान्ये, भाज्या आणि फळांचा चोथा ताटात परतावा. तंतुमय अन्नावरच हे जिवाणू पोसले जातात. गाळलेल्या रसात तो चोथा जवळजवळ नसतो.

दादाजींना पुढे पापुद्र्यासकट फोडी मिळू लागल्या. एका फळाने आजार बरा होतो, असा दावा कोणी करू नये. परंतु व्यापारी घराला एवढे सहज पटावे: भागीदाराचा हिस्सा रोज फेकून दिला, तर पेढी फार काळ चालत नाही.