चार दिवसांत वळलेली नदी

कॅनडाच्या नकाशात अगदी वर, डाव्या कोपऱ्यात, अलास्काला खेटून युकॉन प्रदेश आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दीडपट आणि लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत. जून महिन्यात मी आणि बायको आठवडाभर तिथे फिरून आलो. बर्फ, अस्वलं, रात्री अकरालाही न मावळणारा सूर्य हे सगळं पाहिलंच. पण लिहावंसं वाटलं ते एका नदीबद्दल, जी आता जवळजवळ नाही.

व्हाइटहॉर्स हे इथलं राजधानीचं शहर. तिथून अलास्का हायवेनं पश्चिमेला निघालं की दोनेकशे किलोमीटरवर क्लुआनी सरोवर लागतं. युकॉनमधलं हे सर्वांत मोठं सरोवर, क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस किलोमीटर. डाव्या हाताला सेंट एलियास पर्वतरांग. कॅनडातलं सर्वांत उंच शिखर, ५,९५९ मीटरचं माउंट लोगन, याच रांगेत आहे, पण रस्त्यावरून दिसत नाही. ध्रुवप्रदेश सोडला तर जगातलं फार मोठं हिमक्षेत्र या डोंगरांत आहे आणि त्यातूनच कास्कावुल्श नावाची हिमनदी खाली उतरते.

या हिमनदीचं तोंड मोठ्या नाजूक जागी आहे, बरोबर जलविभाजकावर. वितळलेलं पाणी इथून दोन वाटांनी जायचं. एक वाट उत्तरेची: स्लिम्स नदी, क्लुआनी सरोवर, मग एकातून दुसरीत अशा नद्यांमधून युकॉन नदी आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहून बेरिंग समुद्र. दुसरी वाट दक्षिणेची: कास्कावुल्श नदी, अल्सेक नदी आणि तीव्र उतारानं, कितीतरी कमी अंतरात, अलास्काचं आखात. दोन्ही वाटांच्या मधला बांध बर्फाचा होता.

हिमनदी गेली अनेक दशकं मागे सरकत होती. २०१६ च्या मे महिन्याच्या शेवटी पाण्यानं तिच्या टोकाशी बर्फातच सुमारे तीस मीटर खोल घळ कापली. दक्षिणेची बाजू खोलगट, त्यामुळे उत्तरेला जाणारं पाणी त्या घळीतून तिकडे वळलं. २६ ते २९ मे या चार दिवसांत स्लिम्सचा प्रवाह कोसळला. काही शास्त्रज्ञ त्या उन्हाळ्यात तिचाच अभ्यास करायला आले, तर मोजायला नदीच उरली नव्हती. त्यांचा शोधनिबंध २०१७ साली 'नेचर जिओसायन्स'मध्ये आला. एका नदीनं दुसरीचं पाणी पळवणं याला भूगोलाच्या पुस्तकात 'नदी अपहरण' म्हणतात. एरवी त्याला हजारो वर्षं लागतात. हवामान तापलं नसतं तर ही हिमनदी एवढी मागे सरकण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याएवढीच होती, असं त्यांचं गणित सांगतं.

हायवेच्या पुलावर उभं राहिलं की याचा अर्थ कळतो. समोर मैल-दीड मैल रुंदीची दरी आणि मध्ये एखाद-दुसरी पाण्याची रेघ. बाकी सगळा राखाडी गाळ, हिमनदीनं दगड दळून केलेलं पीठच. पूर्वी तो पाण्याखाली असायचा. आता वारा सुटला की उठतो आणि समोरचा डोंगर दिसेनासा होतो. गाडीच्या काचा बंद ठेवूनही दातांत कचकच जाणवली.

सरोवराला सर्वांत जास्त पाणी हीच नदी आणायची. ती वळल्यावर पातळी उतरली आणि काठच्या वस्त्यांमध्ये होड्या पाण्यात सोडायच्या जागा कोरड्या पडल्या. इथले मूळ रहिवासी, दक्षिण टचोनी लोक, पिढ्यान्‌पिढ्या या सरोवरातल्या माशांवर जगत आलेत. पातळी अशीच उतरत राहिली तर सरोवरातून बाहेर पडणारी नदीही एक दिवस थांबू शकते.

आणि गंमत अशी, की ही उत्तरेची वाटही फार जुनी नव्हती. तीन-चारशे वर्षांपूर्वी थंडीचा काळ आला, तेव्हा हीच हिमनदी पुढे सरकली होती. त्याआधी सरोवराचं पाणी दक्षिणेला, आताच्या उलट दिशेनं जायचं. बर्फानं ती वाट अडवली, सरोवर फुगलं आणि पाण्यानं उत्तरेकडून नवी वाट काढली. म्हणजे बर्फ पुढे आला तेव्हा नदी एका बाजूला वळली आणि मागे गेला तेव्हा दुसऱ्या. फरक एवढाच, की या वेळी बर्फ मागे जाण्यात माणसाचा हात आहे.

आम्हा बेळगावकरांना जलविभाजक शिकवावा लागत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. मधली धार पायी ओलांडता येईल एवढी. तिच्यावरून थोडं पाणी इकडचं तिकडे न्यावं की नाही, यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली निवाडा आला, तरी वाद मिटलेला नाही. बेळगावात आणि पणजीत नातेवाईक असलेल्या घरांत तर हा विषय जेवणाच्या ताटावरही निघतो. युकॉनमध्ये ना लवाद, ना सुनावणी. सरोवराकाठच्या कुणालाही न विचारता चार दिवसांत सगळं होऊन गेलं.

तिकडे जाणार असाल तर जून ते ऑगस्ट हेच दिवस. हेन्स जंक्शनला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. पायवाटेवर जाताना अस्वलांसाठीचा स्प्रे आणि धुळीसाठी रुमाल जवळ ठेवा. जाणं जमणार नसेल तर मुलांना घेऊन संगणकावर बसा आणि क्लुआनी सरोवराच्या दक्षिण टोकाची २०१५ आणि २०१७ ची उपग्रहचित्रं शेजारी शेजारी लावा. मग नकाशा कणकुंबीवर आणा आणि विचारा, इथे पडलेला पाऊस कुठल्या समुद्राला जाईल? उत्तर शोधताना बोट नकाशाच्या ज्या रेषेवर थबकेल, ती आपल्या घरची रेषा आहे.