धुरा

माझं बालपण वावरात कमी आणि धुऱ्यावर जास्त गेलं. वावर मोठ्या माणसांचं. आई कमरेला पदर खोचून निंदायची, बाबा डवऱ्यामागे चालायचे आणि आम्हा भावंडांना पिकात पाय घालायची बंदी. दोन वावरांमधली ती न नांगरलेली पट्टी तेवढी आमच्या वाट्याची. कडुनिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्याचा झोका, झोक्यात धाकटी बहीण, बुडाशी पाण्याचं मडकं, भाकरीचं गाठोडं, आणि या सगळ्याची राखण माझ्याकडे. राखण म्हणजे दिवसभर एका जागी बसून भोवताली पाहत राहणं. याला निरीक्षण म्हणतात आणि त्याचे गुण असतात, हे डी.एड.ला गेल्यावर कळलं.

पहिला पाऊस पडला की धुऱ्यावर तरोटा उगवायचा. त्याचा कोवळा पाला खुडून नेला की संध्याकाळची भाजी ठरलेली. मागोमाग केना, कुंजर, आघाडा. बोरीचं कोणतं झाड गोड आणि कोणतं नुसतंच तुरट, हे गावातल्या प्रत्येक पोराला पाठ. टिटवी ढेकळांमध्ये अंडी घालायची, ती अगदी पायाखाली येईपर्यंत दिसायची नाहीत. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस जोराचा, असं बाबा ठामपणे सांगायचे. त्यांचा अंदाज किती वेळा खरा ठरला याचा हिशेब घरात कुणी ठेवला नाही, आणि विचारायची सोयही नव्हती.

तेव्हा आमचा मानोरा तालुका अकोला जिल्ह्यात होता. १९९८ च्या १ जुलैला वाशीम जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले. मी मास्तर झालो तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि बरीच वर्षं फळा-खडू-पुस्तक एवढ्यावर नोकरी केली. पुढे मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत बदली झाली. बंजारा समाजाचं श्रद्धास्थान असलेल्या पोहरादेवीचा हा मुलूख, त्यामुळे पटावरची बहुतेक मुलं बंजारा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक, आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे. शाळेमागे चार पावलांवर एक धुरा होता. त्याच्यावर पळसाची तीन झाडं, एक जुनी बाभूळ आणि रुईचं रान.

परिसर अभ्यासाचा तास मी तिकडे न्यायला लागलो तेव्हा पहिला विरोध शाळेबाहेरून आला. एक आजोबा काठी टेकत येऊन म्हणाले, “गुरुजी, आमी पोट्टे शिकाले धाडले का ढोरं चाराले?” प्रश्न अगदी रास्त होता. ज्या कामातून लेकरू सुटावं म्हणून शाळेत घातलं, त्याच जागी मास्तर त्याला परत नेतोय, असं त्यांना दिसत होतं. निसर्गशिक्षणावर शहरात भाषणं करणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा तरी ऐकावा. शहरातल्या मुलाला माती लागणं ही चैन असते. इथे मातीपासून लांब जाणं हीच प्रगती समजली जाते, आणि त्यात चूक कुणाची काढायची?

त्या रात्री मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. डी.एड.ला ही दोन नावं मी ‘टिपा लिहा’साठी घोकली होती. ताराबाई लग्नानंतर काही काळ आमच्याच वऱ्हाडात, अमरावतीत राहिलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. कुरणशाळा. ढोरं चरताहेत आणि तिथेच गाणी, मोजणी, अक्षरं चाललीत. शिक्षणाचं एवढं मोठं काम, आणि आम्ही त्यावर पाच ओळींची टीप लिहून मोकळे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांनाच धुऱ्यावर बोलावलं. कोणता पाला कशाला लागतो ते त्यांनी सांगायचं आणि चौथीच्या मुलांनी लिहून घ्यायचं. आजोबा तासभर बोलले, निम्मं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, निम्मं वऱ्हाडीत. मुलांनी न अडखळता लिहिलं. मी मात्र तीनदा विचारून घेतलं. त्यानंतर ढोरांचा विषय निघाला नाही.

रुईच्या पानावर पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी असते. ती आम्ही रुईच्या पाल्यासकट खडूच्या खोक्यात ठेवली. कोष झाला, आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी नारिंगी फुलपाखरू बाहेर आलं. प्रार्थना अर्थातच मोडली. पण मला त्याहून मोलाची वाटली ती तिसरीतल्या एका मुलीची शंका: एवढी भडक अळी, उघड्यावर बसते, मग चिमण्या तिला खात का नाहीत? रुईचा चीक विषारी असतो, तो पिऊन अळीही कडू होते, आणि तिचे पट्टे पाखरांना तेच बजावतात, हे सांगायला मला आधी वाचावं लागलं. पाठ्यपुस्तकात उत्तरं आधी छापलेली असतात. धुऱ्यावर प्रश्न आधी येतो आणि मास्तरची पंचाईत होते. माझ्या सहकारी मॅडमना ही पंचाईत सुरुवातीला नको वाटायची. नंतर त्यांनीच गणिताचा तास तिकडे हलवला.

त्या तासाने शाळेवर भांडण आणलं. वीत आणि हात ही मापं शिकवताना मुलांनी दोरी घेऊन धुऱ्याची रुंदी मोजली. बाभळीकडे सात हात, नाल्याकडे जेमतेम तीन. निरागसपणे घरी सांगितलं. धुरा कोरणं, म्हणजे दर वर्षी नांगराने शेजाऱ्याच्या बाजूला बोटभर सरकणं, हा आमच्याकडचा जुना रोग आहे. त्यापायी तहसिलीत खेटे घालणारी माणसं प्रत्येक गावात सापडतात. दुसऱ्या संध्याकाळी दोन्हीकडचे मालक शाळेच्या फाटकाशी हजर. एकाला मुलाची वही पुरावा म्हणून हवी होती, दुसऱ्याला ती फाडायला हवी होती. मी म्हणालो, “भाऊ, सरकारी मोजणीवाले असतात. चौथीतल्या पोराच्या वितीवर कोणता साहेब निकाल देईल?” दोघंही जरा हसले आणि एकमेकांकडे न पाहता गेले. वाद आजही मिटलेला नाही.

गंमत पुढे झाली. मॅडमनी मुलांकडून आसपासच्या धुऱ्यांवरच्या वनस्पतींची यादी करून घेतली, तेव्हा सगळ्यात जास्त झाडझाडोरा सापडला तो याच भांडणाच्या धुऱ्यावर. एकाने कुऱ्हाड उचलली तर दुसरा लगेच आडवा येणार, म्हणून दोघंही हात लावत नव्हते. बाकीच्या धुऱ्यांची मात्र रया गेली होती. याचा उलगडा करायला माझ्या लहानपणात जावं लागतं. आमच्या घरी बैलजोडी होती, दोन गाई होत्या. ज्वारीचा कडबा संपत आला की धुऱ्यावरचं गवत कापायचं, म्हणून त्याला किंमत होती. सोयाबीन आलं, ज्वारी हटली, कडबा गेला. नांगरटीला ट्रॅक्टर मिळू लागला तसे बैल गेले. मग धुऱ्यावरच्या गवताला कुणी वाली उरला नाही, आणि ज्याला वाली नाही ते तण. तणावर औषध निघालंच होतं. पाठीवरचा पंप एका फेरीत तरोटा, केना, कुंजर सगळं करपवतो, आणि त्या मोकळ्या जागेत पहिलं उगवतं ते गाजरगवत. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. निंदायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पण दर पावसाळ्यात शाळेत रोपं लावून फोटो पाठवायचे आणि आयतं उगवलेलं जाळताना कुणी ब्र काढायचा नाही, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

मुलांच्या बाबतीतही शाळेचं वर्ष आणि धुऱ्याचे हंगाम यांचा हिशेब असाच जुळत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे मृगाचे मखमली किडे बहुधा सुट्टीतच येऊन जातात. दिवाळीनंतर तांड्यावरची काही घरं ऊसतोडीला निघतात, आणि पळस फुलतो तेव्हा वर्गातल्या कितीतरी जागा रिकाम्या असतात. हंगामी वसतिगृहामुळे काही मुलं मागे राहतात, सगळी नाही. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला माणसं परततात, तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. एका वर्षी तोडीवरून आलेल्या मुलाने उसाच्या फडातल्या पाखरांची यादी स्वतःहून लिहून आणली होती. परिसर अभ्यासाचा एवढा चांगला स्वाध्याय मी कधी तपासला नाही. गुण कोणत्या रकान्यात भरायचे, ते मात्र सापडलं नाही. २०२४ साली शासनाने ‘आनंददायी शनिवार’ आणला, तेव्हा निदान धुऱ्यावरच्या तासाला अहवालात एक नाव मिळालं. त्याआधी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वर्ग रिकामा पाहून शेरा लिहायला पेन काढलं होतं. मुलींनी त्यांना रुईची अळी दाखवली, आणि तो शेरा लिहायचाच राहिला.

नेतृत्व वगैरे शब्द प्रशिक्षणात फार ऐकले. माझ्या अनुभवात मुख्याध्यापकाचं काम झाडांपेक्षा माणसांशीच जास्त असतं. सापाची भीती घेऊन आलेल्या आईला पाणी द्या, मुलांच्या पायात चपला आहेत का बघा, वावराच्या मालकाला रामराम घाला, त्याची तूर तुडवली जाणार नाही याची हमी द्या. यंदा पेरणीआधी मी शाळेमागच्या दोन्ही मालकांकडे वेगवेगळा गेलो, एकत्र बोलावण्यात अर्थ नव्हता. फवारणीच्या वेळी शाळेच्या बाजूची चार हातांची पट्टी सोडा, एवढंच मागणं. पहिल्याने विचारलं, “तो सोडते का?” दुसऱ्यानेही अगदी तेच विचारलं. मी दोघांनाही सांगितलं की समोरचा तयार आहे.

“चार हात लय होते, गुरुजी,” पहिला म्हणाला. “दोन घ्या.”

“तीन.”

“अडीच. आन् पोट्ट्याईले सांगा, आता दोरी नोका आनू.”

मी अडीचवर हो म्हणालो. दोरीचं काही बोललो नाही.