कारंज्याचे लेकरू

लहान मूल मध्यभागी ठेवून कथा रचली की ती साऱ्या घराला धरून ठेवते, हा शोध दूरचित्रवाणीवाल्यांनी लावला असे कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्यास जाऊन यावे.

वाट सोपी आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावर मूर्तिजापूरला उतरायचे आणि एस.टी. धरायची. एके काळी येथून 'शकुंतला' नावाची अरुंद मापाची आगगाडी कारंज्यावरून यवतमाळला जाई. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती धावत नाही. मी गेलो तेव्हा दुतर्फा सोयाबीनची सोंगणी चालली होती, तूर अजून हिरवी होती आणि एस.टी.त माणसांपेक्षा बोचकी अधिक होती. माझ्या पुढच्या बाकावर एका मुलीने मोबाइलवर मालिका लावली होती. पडद्यावर एक चिमुकली पोर आईसाठी रडत होती आणि बाकाभोवतीच्या चारपाच बायका माना वाकवून तिचे दुःख वाटून घेत होत्या. दोघींचे उतरायचे गाव आले, तरी त्यांचा पाय निघेना!

आपल्याकडे हे नवे नाही. २०१२ साली 'उंच माझा झोका'मधल्या छोट्या रमेने घरोघरच्या आज्यांना जिंकले, २०२१ नंतर 'माझी तुझी रेशीमगाठ'मधल्या परीने. सातासमुद्रापलीकडेही तेच. फिलिपीन्समध्ये २००९ साली 'मे बुकास पा' नावाची मालिका सुरू झाली आणि वर्षभर चालली. चर्चच्या दारात टाकून दिलेले एक तान्हे मूल, सांतिनो त्याचे नाव. पाद्री त्याला वाढवतात, आणि तो येशूशी अगदी भावाभावांसारख्या गप्पा मारतो. तिचे मूळ १९५५ च्या एका स्पॅनिश चित्रपटात आहे. त्यातला पोरका मार्सेलिनो येशूजवळ एकच मागणे मागतो, मला माझ्या आईला भेटव. आई स्वर्गात, म्हणून मुलगाही स्वर्गात जातो. मूल देवाचे आणि आई दूर, असा त्या कथांचा साचा.

कारंज्याची कथा याच्या अगदी उलट आहे. येथे आई घरात आहे आणि मूलच निघाले आहे.

हे गाव नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांनी ते लोकांच्या ध्यानात पुन्हा आणून दिले. आज गुरुमंदिरात दूरदूरची माणसे येतात. गावात जैनांची जुनी मंदिरे आणि हस्तलिखितांचे मोठे भांडारही आहे. पण माझे पाय प्रथम वळले ते गुरुमंदिराकडेच.

गुरुचरित्र हे सात दिवसांत वाचायचे. आज येथवर, पुढचे उद्या! सप्ताहात बसलेल्यांना मालिकेची गोडी आणखी कोणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशीच्या वाचनात अकरावा आणि बारावा अध्याय येतात. माधव आणि अंबा या दांपत्याला मुलगा होतो, नरहरी. तो जन्मतःच ॐकार उच्चारतो, आणि पुढे सात वर्षे दुसरा शब्द नाही. आई नवस करते, बाप खंतावतो, शेजारीपाजारी मुके पोर म्हणून हळहळतात. मुंज लागते. आई पहिली भिक्षा घालते आणि ज्या तोंडातून 'आई' ही हाक कधी निघाली नाही, त्यातून वेद निघतात. केवढा आनंद! पण तो पुरता भोगण्यापूर्वीच मुलगा म्हणतो, तुम्हीच मला भिक्षा मागायला लावलेत, आता मला जाऊ द्या.

मंदिराबाहेर एक वृद्ध बाई नातवाला घेऊन बसल्या होत्या. मुलगा पुण्यास कंपनीत, सून तिकडेच, नातू सुटीपुरता आलेला. मी कथेचा विषय काढला, तशा त्या म्हणाल्या, "त्या मायनं लेकराले तसंच नाही जाऊ देल्लं, भाऊ. आधी दोन लेकरं मांडीवर घेतली, मंग देल्लं. मायचा हिसाब मायलेच समजते."

हा हिशेब खराच ग्रंथात आहे. अंबा रडते, अडवते. मुलगा तिला आणखी संतती होईल असे सांगतो; तर ती म्हणते, होईपर्यंत तू थांब. आणि तो थांबतो! जुळे भाऊ होतात, तीन महिन्यांचे होतात, तेव्हा कुठे तो काशीची वाट धरतो. पुढे संन्यासी होऊन कित्येक वर्षांनी तो कारंज्यास परत येतो, आईबापांना भेटतो.

तेथून मी मंगरूळपीरमार्गे वाशिमला गेलो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. नावातच 'वत्स' असलेल्या या गावाची राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक गोष्ट सांगितली आहे. सरस्वतीला मुलगा झाला, काव्यपुरुष. एकदा ती ब्रह्मदेवाच्या सभेला निघाली आणि त्याला बरोबर नेईना. पोर रुसून घर सोडून चालते झाले. मग गौरीने साहित्यविद्या ही वधू निर्माण करून त्याच्या मागे पाठविली. देशोदेशी हिंडत ती त्याची समजूत काढीत राहिली, आणि अखेर दोघांचे लग्न लागले ते या वत्सगुल्मात.

एकाच जिल्ह्यात दोन मुले. एक न सांगता निघाले, त्याला वळवायला सारा देश पालथा घालावा लागला. दुसरे सांगून निघाले, आईसाठी वर्षभर थांबले आणि आपल्या पायांनी परत भेटीस आले.

आज आपल्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी निघालेले असते, पुण्यास, बंगळूरास, अमेरिकेस. जाऊ नको म्हणणे आता कोणाच्या हाती नाही, अंबेच्याही नव्हते. पण ग्रंथकर्त्याने प्रत्यक्ष अवतारालाही आईच्या परवानगीसाठी उंबऱ्यात खोळंबून ठेवले आहे. तिकीट आधी काढून मग घरी सांगणाऱ्या मुलांनी, आणि निरोप देताना मुलाचे तोंड न पाहणाऱ्या आईबापांनीही, हा बारावा अध्याय एकदा स्वस्थपणे वाचावा.